अनामिकेच्या मापाची नळी

देवाला गंध अनामिकेने लावतात, पण ती उजव्या हाताची. डाव्या हाताच्या अनामिकेला माणसाच्या आयुष्यात काहीच काम नसतं, असं शरद हर्डीकरांचं बावन्नाव्या वर्षापर्यंत ठाम मत होतं. त्यांच्यापुरता तिचा एकच उपयोग होता, तो म्हणजे ऑफिसातली हजेरी. हजेरीच्या यंत्राने त्यांची बाकीची सगळी बोटं एकेक करून नाकारली होती आणि का कोण जाणे, या एकाच बोटावर ते खूश झालं होतं. सकाळी यंत्राला हे बोट दाखवलं की दिवसभर ते मोकळं. अशा या रिकामटेकड्या बोटाने गणपतीच्या तोंडावर हर्डीकरांच्या घरात जो धुमाकूळ घातला, त्याची ही हकिकत.

सुरुवात झाली मंडळाच्या मीटिंगमध्ये. लखनौत मराठी माणसं मूठभर. कुणी रेल्वेत, कुणी फौजेत, कुणी केंद्र सरकारच्या खात्यांत. त्यामुळे गणपतीच्या मीटिंगला सगळे एका दिवाणखान्यात मावतात, आणि तो दिवाणखाना विकास नगरातल्या नंदकुमार देवांचा असतो. नंदकुमार मंडळाचे सेक्रेटरी. ते चहा मागतानासुद्धा फाइलवर शेरा मारल्यासारखं बोलतात.

"सजावट, देव कुटुंब. प्रसाद, महिला मंडळ. गायन, सौ. चारुलता हर्डीकर. खुर्च्या, शरदराव," नंदकुमार एका दमात म्हणाले. खुर्च्यांच्या वेळी त्यांनी मान वर करून शरदरावांकडे पाहिलंसुद्धा नाही.

इथे शरदरावांची बाजू सांगायला हवी. लखनौला बदली झाली त्या पहिल्याच गणपतीत त्यांनी वाटेत आडवी पडलेली एक खुर्ची सभ्यपणाने उचलून बाजूला ठेवली. तेवढीच काय ती चूक. तेव्हापासून दर वर्षी खुर्च्या त्यांच्याकडे. रेल्वेचे पूल ज्यांच्या सहीशिवाय उभे राहत नाहीत तो माणूस मंडळात 'खुर्च्यांचे शरदराव' म्हणून ओळखला जात होता. बायको स्टेजवर गायची तेव्हा हे मागे घडीच्या खुर्च्या मोजत उभे असायचे.

"यंदा मी वाजवणार आहे," शरदराव म्हणाले.

"काय?"

"गिटार."

चारुलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नंदकुमारांनी जरा विचार करून 'लहान मुलांची वेशभूषा' आणि 'प्रसादवाटप' यांच्या मधली पाच मिनिटं त्यांना दिली आणि म्हणाले, "ठीक आहे. खुर्च्या तेवढ्या बघालच."

आता शरदरावांना गिटार येत होती का, तर नव्हती. पण दोनच दिवसांपूर्वी त्यांनी मोबाइलवर एक माणूस पाहिला होता. त्याने बोटात एक नळी घातली होती, ती तारांवरून तो नुसती फिरवत होता, आणि गिटार चक्क सारंगीसारखी आळवत होती. हे पाहून त्यांना झोप लागली नव्हती. कारण घरात कपाटावर एक गिटार होतीच. मुलगी स्वरदा हिने अकरावीत हट्टाने घेतलेली आणि बारावीत विसरलेली. चारुलताबाईंनी त्या वाद्याला कधीच वाद्य मानलं नव्हतं. "मींड नाही त्याला. नुसती टुणटुण," असं त्यांचं म्हणणं. आणि इथे तर एका नळीने मींडच मींड.

घरी परतताना स्कूटरवर मागे बसून चारुलताबाई म्हणाल्या, "अहो, वाजवा. माझं काही म्हणणं नाही. पण फजिती झाली तर ती गिटार देऊन टाकायची आणि जन्मभर खुर्च्यांबद्दल घरात कुरकुर करायची नाही."

"कबूल," शरदराव म्हणाले. जन्मभर हा शब्द त्यांना घरी पोहोचेपर्यंत नीट जाणवला नव्हता.

तारा उंच करून घेणं सोपं गेलं. त्या एका विशिष्ट पद्धतीने लावणंही मोबाइलने शिकवलं. घोडं अडलं ते नळीपाशी. आलमबागच्या वाद्यांच्या दुकानात एकच नळी होती. स्टीलची, चकचकीत, परदेशी माणसाच्या बोटाला बेतलेली. शरदरावांनी खिशातून मोजमापाचं यंत्र काढून आधी आपलं बोट मोजलं, मग नळी मोजली, आणि "फार सैल आहे," असं सांगितलं. दुकानदार म्हणाला, "साहब, बजाते-बजाते उँगली मोटी हो जाती है." शरदरावांनी आयुष्यात असलं बेजबाबदार विधान ऐकलं नव्हतं. तरीही त्यांनी नळी घेतली, कारण दुसरी नव्हती.

रात्री जेवताना त्यांनी नळी बोटात घालून मनगट कसं हलवायचं असतं हे दाखवलं. नळी बोटातून निघाली आणि आमटीच्या पातेल्यात गेली.

"डाळीत लोह असतं हे माहीत आहे मला," चारुलताबाई पळीने नळी काढत म्हणाल्या. "पण एवढं नको."

दुसऱ्या दिवसापर्यंत ही बातमी शेजारी अवस्थीजींकडे पोहोचली. अवस्थीजी निवृत्त शिक्षक. त्यांना प्रत्येक विषयावर मत आहे आणि ते मत विचारण्याची वाट पाहत ते गेटपाशी उभे असतात. त्यांनी आधी नळीच्या आत कापूस भरायला सांगितला. कापसाने बोट घट्ट बसलं, पण घामाने तो भिजून तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की स्वरदाने जाहीर केलं, "पापा, या तो गिटार रहेगा इस कमरे में, या मैं." मग अवस्थीजींनी ठेवणीतलं मत बाहेर काढलं.

"हर्डीकर साहब, लोहा-वोहा सब बेकार. सुर काँच में होता है."

आणि ते खरोखर काच घेऊन आले. अत्तराची उंच, वर निमुळती होत जाणारी बाटली, आतलं खसाचं म्हणजे वाळ्याचं अत्तर संपलेली. तिचा तळ त्यांनी फोटोफ्रेमवाल्याकडून कापून, कडा घासून आणला होता. शरदरावांनी ती बोटात घातली आणि तारेवर ठेवली. जो आवाज आला तो ऐकून त्यांनी तीच तार लगेच पुन्हा छेडली. घरभर खसाचा मंद वास सुटला होता. हीच ती नळी, असं शरदरावांना आतून पटलं. आनंदाच्या भरात त्यांनी बोट जरा आणखी आत सारलं.

बाटली वर निमुळती होत जाते हे नुकतंच सांगितलं आहे. पुलांच्या इंजिनियरला हे दिसायला हवं होतं. पण प्रेमात पडलेला माणूस मोजमाप विसरतो, मग ते प्रेम काचेच्या बाटलीवर का असेना. बोट अडकलं. साबण झाला, खोबरेल झालं, स्वरदाने बर्फ आणला. बोट सुजलं आणि बाटली आणखीच प्रेमाने बसली. सकाळी ऑफिसची वेळ झाली तेव्हा शरदराव बाटलीसकट निघाले.

आणि मग त्यांना हजेरीचं यंत्र आठवलं.

यंत्रापुढे उभं राहून त्यांनी बाकीची नऊ बोटं लावून पाहिली. यंत्राने आपलं जुनं मत बदललं नाही. हजेरी बघणारे बाबू आले, त्यांनी बाटलीकडे पाहिलं, वास घेतला आणि अदबीने म्हणाले, "सर, कारण लिखकर दे दीजिए."

ज्यांनी आयुष्यात कितीतरी पुलांचे अहवाल लिहिले त्या शरदरावांना ते एक वाक्य लिहायला अर्धा तास लागला. 'डाव्या हाताची अनामिका काचेत असल्यामुळे' हे इंग्रजीत कसंही लिहिलं तरी भलतंच दिसत होतं. बाबूंनी ते वाचलं आणि कॉम्प्युटरपाशी बसले.

"सर, सिस्टम में काँच का ऑप्शन नहीं है. मेडिकल डालूँ या अदर?"

"मेडिकल नहीं है," शरदराव ताठपणे म्हणाले.

"फिर अदर," बाबू म्हणाले. दिवसभर शरदराव टेबलाशी बसून काम करत होते, साहेबांच्या मीटिंगला हजर होते, पण यंत्राच्या लेखी ते आलेलेच नव्हते. मीटिंगमध्ये त्यांनी एका पुलाबद्दल हात वर करून हरकत घेतली, तेव्हा सगळ्यांनी हरकतीऐवजी बाटलीकडेच पाहिलं. ही गोष्ट त्यांना फार लागली.

संध्याकाळी स्वरदा म्हणाली, "पापा, हाथ ऊपर करके बैठो. सूजन उतरेगी." म्हणून ते सोफ्यावर डावा हात वर करून बसले. तेवढ्यात अवस्थीजी चौकशीला आले. दारातून वर केलेला हात दिसताच त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "हाँ, पूछो." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण निवृत्त झालो आहोत. शेवटी चारुलताबाईंनी साजूक तूप कोमट करून बाटलीत सोडलं, नवऱ्याला गावाकडच्या गोष्टींत गुंगवलं आणि तो बेसावध असताना बाटली ओढली. बोट लाल होऊन बाहेर आलं. बाटली शाबूत होती.

इथे दुसऱ्या कुणीही ती बाटली फेकून दिली असती. शरदरावांनी ती धुतली, पुसली, किती आत बोट घालायचं त्या खुणेवर एक रेघ मारली आणि रियाजाला बसले. पहाडीतली एक साधी धून त्यांनी धरली होती. नळी गिटारीच्या दांडीवरच्या पडद्याच्या, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीच्या, मागे नाही, अगदी बरोबर वर यावी लागते, केसभर इकडेतिकडे झालं की सूर गेला. स्वयंपाकघरातून चारुलताबाईंचा आवाज यायचा, "खाली आहे." थोड्या वेळाने, "आता वर गेलं." अवस्थीजींच्या पत्नीने एकदा विचारलं की घरात कुणी आजारी आहे का, रात्रभर कण्हल्यासारखं ऐकू येतं. पण एका संध्याकाळी त्यांनी धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली आणि स्वयंपाकघरातून काहीच ऐकू आलं नाही. चारुलता घरात आहे ना, हे बघायला ते उठून आत गेले. ती होती. कणीक मळत होती आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. शरदराव परत येऊन बसले, पण त्या दिवशी त्यांना जेवण फार गोड लागलं.

कार्यक्रमाची संध्याकाळ आली. एका शाळेचा हॉल, स्टेजवर गणपती, बख्शी का तालाबहून एअर फोर्सची मंडळी मुलाबाळांसकट आलेली. शरदराव रेशमी कुडता घालून, खिशात बाटली घेऊन, जरा लवकरच आले होते. खुर्च्या आल्या होत्या आणि अर्थातच कुणी लावल्या नव्हत्या.

"शरदराव, दोन रांगा वाढवा," नंदकुमार लांबूनच म्हणाले.

"आज मी वाजवणार आहे, नंदकुमार."

"हो, ते तुमचं नाव आहे ना. आत्ता वेशभूषा चालू आहे, वेळ आहे अजून."

शरदरावांनी खुर्च्या उचलल्या. हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं, दुसरं काय. शेवटची खुर्ची उघडता उघडेना. त्यांनी ती पोटाशी धरून जोर लावला. खुर्ची उघडली आणि खिशात काहीतरी कचकन वाजलं.

त्यांनी हलकेच हात घालून बाहेर काढलं, तर बाटलीचे तुकडे झाले होते. खसाचा वास तेवढा अजून येत होता.

स्टेजवर दोन झाशीच्या राण्या आणि एक वांगं एवढेच उरले होते. शरदराव भिंतीला टेकून उभे राहिले. सगळा महिना त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. आता देऊन टाकायची गिटार, आणि जन्मभर खुर्च्या, तोंडातून अक्षर न काढता. चारुलताबाईंनी लांबून नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्या उठून आल्या. हातातली काच पाहून त्यांनी विचारलं, "बोटाएवढी नळी हवी ना? गुळगुळीत?"

"हो. पण आता कुठली—"

त्यांनी पर्स उघडली आणि तळाशी हात घालून एक पितळी नळी काढली.

आता ही नळी कुठली, तर मंजिरी देवांची. नंदकुमारांच्या पत्नी मंजिरीताई यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मुरादाबादहून खास घडवून आणलेली. एका टोकाला हळद, दुसऱ्या टोकाला कुंकू, मधे पडदा, दोन्हीकडे टोपणं. पर्समध्ये ठेवायला. कल्पना सुंदर होती, पण टोपणं सैल, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दोघीतिघींच्या पर्स रंगल्या आणि मंडळात त्या वाणाची मागे बरीच थट्टा झाली. तरी फेकून कुणी दिली नाही. मंजिरीताई प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असत आणि केव्हाही विचारतील अशी प्रत्येकीला धास्ती. म्हणून सगळ्या मराठी बायका ती नळी रिकामी, पुसून, पर्सच्या तळाशी घेऊन हिंडत होत्या.

शरदरावांनी टोपण काढून बोट घातलं. अर्ध्या पेराशीच अडलं.

"लहान आहे," ते हताश होऊन म्हणाले.

चारुलताबाई वळल्या आणि गायिकेच्या खणखणीत आवाजात पहिल्या चार रांगांना म्हणाल्या, "मंजिरीच्या वाणाच्या नळ्या काढा जरा. सगळ्यांनी."

पर्स उघडल्याचे आवाज आले. बघता बघता शरदरावांपुढच्या खुर्चीवर पितळी नळ्यांचा ढीग झाला. हाताने घडवलेल्या, त्यामुळे एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. ज्या माणसाला महिनाभर एक धड नळी मिळाली नव्हती, त्याच्यासमोर आता निवडायला ढीग होता. त्याने मान खाली घातली आणि तो इंजिनियर झाला. ही सैल. ही घट्ट. हिची कड बोचते. ही आत खरखरीत. मागे एअर फोर्सची मंडळी उभी राहून बघत होती. "ती लांबडी बघा," "अहो, जड घ्या, जड," असे सल्ले येत होते. मंजिरीताईही जवळ आल्या होत्या, पण त्या बोटाकडे पाहत नव्हत्या. त्या नळ्यांकडे पाहत होत्या. सगळ्या स्वच्छ, नव्याकोऱ्या.

"म्हणजे कुणीच वापरली नाही," त्या हळूच म्हणाल्या.

शरदरावांनी शेवटची नळी खाली ठेवली. एकही बसत नव्हती. मग त्यांनी वर पाहिलं.

"वहिनी, कारागिराने आधी तुम्हाला नमुना पाठवला असेल ना? एक?"

"हो. तो माझ्याकडेच आहे."

"तो द्या. नमुन्याचा माल नेहमी चोख असतो. घोळ असतो तो पुढच्या मालात. मी हे नोकरीभर पाहिलंय."

मंजिरीताईंनी पर्समधून आपली नळी काढली. ती एकटीच रोज वापरातली होती, कुंकवाने भरलेली. त्यांनी घाईघाईने कुंकू रुमालात ओतलं, नळी झटकली आणि पुढे केली. शरदरावांनी अनामिका आत घातली. ती सहज सरकली, मधल्या पडद्याला टेकली आणि थांबली. सैल नाही, घट्ट नाही. हात झटकला तरी जागची हलली नाही.

"यानंतर श्री. शरद हर्डीकर. गिटार," नंदकुमार माइकवर म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहिलं.

शरदराव बसले. नळी तारेवर ठेवली. पितळेचा आवाज काचेपेक्षा भरदार निघाला, जरा घोगरा, उबदार. पहिली मींड अशी उतरली की लाडू मागणारं वांगंसुद्धा आईच्या मांडीवर गप्प बसलं. शरदरावांनी डोळे मिटले. पहाडी उलगडत गेली. त्यांना खुर्च्या आठवत नव्हत्या, नंदकुमार आठवत नव्हते, यंत्रही आठवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते हॉलच्या मागे नव्हते.

पण हॉलमधल्यांना काहीतरी वेगळंच दिसायला लागलं होतं. भाद्रपदातला उकाडा, वर स्टेजचे दिवे, घाम नळीत उतरत होता आणि आत चिकटून राहिलेलं कुंकू त्यात विरघळत होतं. आधी बोटावर एक लाल ओघळ आला. मग मनगटावर. मग गिटारीवर थेंब पडायला लागले, आणि रेशमी कुडत्याची बाही लाल झाली.

"रक्त," पहिल्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं.

विंग कमांडर निनाद राजवाडे अर्धे उठले. पण शरदराव थांबत नव्हते. डोळे मिटलेले, चेहरा शांत, हातातून लाल धार, आणि धून आणखी आणखी गोड होत चाललेली. निनाद पुन्हा खाली बसले, ताठ, सलामीला बसावं तसे. मुद्दाम ऐकायला आलेल्या अवस्थीजींनी डोळे पुसले. नंदकुमारांचं घड्याळाकडे लक्षच राहिलं नाही, पाच मिनिटांची बारा झाली. शेवटचा सूर विरला. मग सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. मंजिरीताई शेजारणीला दंडाला धरून सांगत होत्या, "माझी नळी आहे ती. माझं वाण."

"फर्स्ट एड," निनाद गरजले आणि स्टेजकडे धावले.

त्यांच्याआधी चारुलताबाई पोहोचल्या. त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला, नळी अलगद काढली, बोटाकडे पाहिलं, वास घेतला. शरदरावांनी आता कुठे डोळे उघडून आपली बाही पाहिली. दोघांची नजरानजर झाली. चारुलताबाईंनी आपला रुमाल काढला आणि ते बोट पेरापासून मनगटापर्यंत घट्ट बांधलं.

"धैवत एकदा खाली होता," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

"आणि बाकीचं?"

चारुलताबाई रुमालाची गाठ मारत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "वा," त्या म्हणाल्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि हा शब्द शरदरावांच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता.

मग त्या वळल्या आणि मघाच्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नंदकुमार, यांना आज काही उचलायला सांगू नका."

"छे छे, शक्यच नाही," निनादच परस्पर म्हणाले.

प्रसाद वाटून झाला. लोक येऊन भेटत होते, बांधलेल्या हाताकडे आदराने पाहत होते, पुढच्या वर्षी अर्धा तास तरी पाहिजे म्हणत होते. शरदराव पहिल्या रांगेत मधोमध बसून सगळ्यांना मानेने उत्तर देत होते. हळूहळू हॉल रिकामा झाला. मागून खुर्च्या मिटल्याचे आवाज येत होते, एक, मग दुसरी, मग मधे दम खायला थांबल्याची शांतता. तो आवाज ऐकत बसण्यात एवढं सुख असतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

बऱ्याच वेळाने कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. घामाघूम झालेले नंदकुमार होते. काखेत दोन खुर्च्या होत्या.

"शरदराव," ते अदबीने म्हणाले, "तुमचं झालं की सांगा. ही एवढी एकच राहिली आहे."

"बसतो जरा," शरदराव म्हणाले.